पेणचा गंधार

"पेटी न्यायची नाही म्हणजे नाही, बाबा. तिथे पेट्या आहेत. पत्रकात लिहिलंय."

"पत्रक मी पण वाचलंय. पेट्या हायेत, पण कुणी सुरात मिळवलेल्या हायेत ते नाय लिवलं."

"पेटी पेटीच असते."

"आणि सूर सूरच असतो, असं पण म्हणून टाक. सव्वीस वर्षांची झालीस, गंगेत घोडं न्हालं."

"उद्या मला ऐकायला त्या शाळेच्या मुख्याध्यापिका येणार आहेत. सगळे बॅग घेऊन येतील आणि मी गोधडीत गुंडाळलेली पेटी घेऊन जाणार. काय दिसेन मी?"

"गाणारी दिसशील."

"म्हातारीला दवाखान्यात नेतायत असं दिसेल."

विमलबाई डबा बांधता बांधता आतून बोलल्या, "नेऊ दे गो सुरभे त्यांना. तुझ्या डोक्यावर नाय देणार. आणि गाडी काय तुमचं भांडण मिटायची वाट बघत थांबत नाय."

"आई, परवा तूच म्हणालीस की पेटी नको."

"मी काय, दोघांना पण हो म्हणते. घरात दोन गवय असल्यावर तिसऱ्यानं काय करायचं?"

गुणाजीबुवांनी पेटीवरची दोरी पुन्हा एकदा आवळली. "दुसऱ्याच्या पेटीवर तुझा गंधार बसत नाय. विशारदला दोनदा काय झालं? परीक्षकानं काय लिवलं?"

"गांधार अस्थिर."

"अस्थिर. परीक्षेची पेटी चढी, आणि आमचा गंधार अस्थिर. म्हणून म्हणतो, आपली पेटी पाहिजे."

सुरभीनं पर्स खांद्याला अडकवली आणि ती पुढे चालू लागली. दोन घरं गेल्यावर मागे आली, पेटीची एक बाजू धरली. बुवांनी दुसरी. अशी ती दोघं, मध्ये गोधडी, जानेवारीतल्या शनिवारी सकाळी पेण स्टेशनात पोचली.

गुणाजीबुवा चौसष्ट वर्षांचे. पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात त्यांनी चाळीस वर्षं साच्यात माल ओतला. रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. ते काम वेगळ्या हातांचं. बुवा साचेवाले. दिवसभर साचे, आणि संध्याकाळी पाचला घराच्या पुढच्या खोलीत गाण्याचा वर्ग. शाळेत संगीत शिक्षक व्हायची त्यांची फार इच्छा होती. पण कागद नव्हता. तीन शाळांनी त्यांना गॅदरिंगपुरतं बोलावलं, नारळ दिला आणि परत पाठवलं. आता रोह्याच्या एका शाळेत संगीत शिक्षकाची कायम जागा निघाली होती, आणि ती शाळा जिल्ह्यातल्या संगीत शिक्षकांच्या मेळाव्यातच उमेदवार ऐकणार होती. विशारद नसलं तरी चालेल, गळा बघू, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या होत्या. सुरभीला ती जागा मिळाली की आपलं तीनही वेळचं परत येणं भरून निघेल, असं बुवांना वाटत होतं. ते तसं बोलले नव्हते. पण गेले पंधरा दिवस ते रोज दाढी करत होते.

पेटी त्यांच्या गुरूंची, जिते गावच्या रघूबुवांची. तरुणपणी बुवा नऊ वर्षं आठवड्यातून दोनदा गाडीनं जित्याला जायचे. रघूबुवांनी त्यांना एक गोष्ट पहिल्या महिन्यातच सांगितली होती: पेटीचा गंधार चढा असतो. गळ्यातला खरा गंधार तिच्याहून केसभर खाली. तंबोरा नीट ऐकलास तर त्यात तो आपोआप बोलतो.

हे अगदी खरं आहे. कुठल्याही जाणत्या माणसाला विचारा.

रघूबुवा सत्त्याण्णव साली गेले. जाताना पेटी दिली आणि म्हणाले, हिच्यात कुणाला हत्यार घालू देऊ नको. बुवांनी तो शब्द पाळला. भाता स्वतः चिकटवला, पट्ट्या स्वतः पुसल्या, पण आतल्या पितळेच्या रीडना, म्हणजे सुरांच्या पात्यांना, कुणालाही हात लावू दिला नाही. पुढच्या खोलीला धरमतरकडून येणारा खारा वारा. पितळ ते पितळ, त्याला तरी किती सांगायचं. वर्गाचा सा कायम काळी चारचा. त्या हिशोबानं गंधार पुढच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर यायचा. सगळ्यात जास्त दाबली जाणारी तीच पट्टी, आणि ती उतरत चालली. वर्षाला केसाच्याही निम्म्यानं. बुवांच्या ते लक्षात आलं नाही असं नाही. आलं. ते खूश झाले.

"पेटी जुनी होतेय तशी शहाणी होतेय," असं ते वर्गात सांगायचे. "बाजारातल्या पेटीला जे कळत नाय ते हिला कळायला लागलंय."

मुलांनी मुंबईहून नव्या पेट्या आणल्या की त्या बुवांना चढ्या लागायच्या. मग ती पेटी आणि ही पेटी शेजारी शेजारी ठेवायची आणि रोह्याहून इकबालला बोलवायचं. इकबालचं रोह्यालगतच्या अष्टमीत वडलांपासूनचं पेटी दुरुस्तीचं दुकान. मधली नऊ वर्षं तो कुवेतला एसीच्या कंपनीत होता, मग परत आला. तो नव्या पेटीचा गंधार घासून बुवांच्या पेटीशी मिळवून द्यायचा. दोन-तीन वर्षांनी जुन्या झालेल्या पेट्याही पुन्हा मिळवून न्यायच्या. वर्गाला त्याचा अभिमान होता. पेणचा गंधार म्हणजे ऐकायचंच काम नाही, असं पोरं म्हणायची.

मेळावा रोह्यातच एका शाळेच्या सभागृहात होता. दोन दिवस. शनिवारी कार्यशाळा, रविवारी मैफली. जिल्ह्यातून साठेक शिक्षक आले होते: महाड-पोलादपूरचे भजनाच्या अंगाचे, अलिबागचे जरा कडक इस्त्रीचे, मुरूडच्या दोघी. पेणचे सुरभीसकट अकरा, आणि अकराही बुवांकडे शिकलेले. आदेश दारातच भेटला. तो बुवांचा सगळ्यात जुना चेला, आता पेणच्या एका शाळेत शिक्षक. तो वाकला, मग बाकीचे एकामागोमाग वाकले. माणगावच्या एका बाईंनी विचारलं, "हे कोण?"

"आमचे बुवा," आदेश म्हणाला.

"कुठल्या शाळेत असतात?"

"आम्ही ज्या ज्या शाळेत आहोत त्या सगळ्यांत."

बुवांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि गोधडी सोडायला घेतली.

कार्यशाळा घ्यायला कल्याणहून प्रणिता मॅडम आल्या होत्या. पस्तिशीच्या, सुती साडी, आवाज हळू. मोबाइलमधला तंबोरा त्यांनी एका छोट्या स्पीकरला जोडला आणि म्हणाल्या, "आज काही गायचं नाही. फक्त दोन स्वर. सा आणि गांधार. आपण मुलांना जे देतो ते आधी आपल्याकडे आहे का, एवढंच बघू."

ओळीओळीनं सुरू झालं. महाडचा गंधार थोडा हलला, मग बसला. अलिबागचे दोघे वर गेले, मॅडमनी हातानं खाली बोलावलं, आले. मग पेण.

अकरा गळ्यांचा गंधार एका माणसाचा असावा तसा लागला. जराही इकडेतिकडे नाही. बुवा भिंतीशी खुर्चीवर बसले होते; त्यांची मान आपोआप डोलली.

मॅडमनी डोकं कलतं केलं. "परत एकदा."

परत तसाच.

"स्पीकरकडे कान ठेवा. माझ्याकडे बघू नका. परत."

तिसऱ्यांदा तोच, तिथेच. मागच्या ओळीत कुणीतरी खुसखुसलं. मॅडमनी नुसती नजर टाकली, हसू थांबलं.

"तुम्ही सगळे कुणाकडे शिकलात?"

अकरा माना भिंतीकडे वळल्या. बुवा उठून उभे राहिले, सदरा खाली ओढला. त्यांना वाटलं, आता काहीतरी चांगलं येणार.

"माझ्याकडं. सगळी माझ्याकडंच."

"नमस्कार. तुमच्या लोकांचा गांधार उतरतोय, बुवा."

"उतरत नाय, ताई. उतरलेलाच असतो. पेटीचा चढा असतो, गळ्याचा—"

"गळ्याचा केसभर खाली. बरोबर आहे तुमचं. पण हा केसभर नाही. हा कोमलच्या उंबऱ्यात जाऊन बसलाय."

"आमच्याकडं याला पेणचा गंधार म्हणतात."

"कोण म्हणतं?"

बुवांनी थोडा विचार केला. ते खोटं बोलणारे नव्हते. "आम्हीच."

या वेळी हसू दाबायला कुणालाच जमलं नाही, पेणच्याही दोघांना नाही. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बुवांची पेटी पुढे मागवली. सभागृहातल्या पेटीशेजारी ठेवली. आधी त्या पेटीचा गंधार वाजवला, मग हिचा. मग दोन्ही एकदम. दोन सुरांमधून तो घरघरणारा आवाज निघाला, बिघडलेल्या मिक्सरसारखा, आणि साठ शिक्षकांनी एकाच वेळी खांदे आक्रसले. बुवांनी आक्रसले नाहीत. ते वाट बघत होते, ती दुसरी पेटी कधी थांबते याची.

"चुकणारे लोक वेगवेगळे चुकतात," मॅडम हळूच म्हणाल्या. "इतकं तंतोतंत एका जागी चुकायला फार मेहनत घ्यावी लागते. ही मेहनत मला दिसतेय, बुवा. म्हणूनच सांगताना जड जातंय."

त्यांनी टोमणा मारला असता तर बुवांना उत्तर देता आलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत पेणचे लोक ताटं घेऊन वेगवेगळ्या बाकांवर बसले. आदेश बुवांच्या समोर येऊन बसला, पण जेवेना.

"माझ्या शाळेत चारशे पोरं आहेत, बुवा."

"ठाऊक हाय."

"मी त्यांना सांगतो, टीव्हीतला गंधार चढा असतो. पंधरा ऑगस्टला दुसऱ्या शाळेचा कीबोर्ड आला होता. मी सगळ्यांसमोर त्या सरांना म्हटलं, तुमचा कीबोर्ड बिघडलाय. कीबोर्ड, बुवा. त्यांनी बिचाऱ्यांनी दुकानात नेऊन दाखवला."

"मग दुकानदार काय बोलला?"

आदेश ताट उचलून दुसऱ्या बाकावर गेला.

व्हरांड्यात इकबालनं टेबल मांडलं होतं. मेळाव्यात शिक्षकांच्या पेट्या तपासून द्यायला त्याला बोलावलं होतं. समोर एक उघडी पेटी, हातात बारीक कानस. बुवा येताना दिसले तशी त्यानं कानस खाली ठेवली.

"तुला ठाऊक होतं," बुवा म्हणाले.

"बसा, बुवा."

"बसायला नाय आलो. कधीपासून?"

"पहिल्याच पेटीपासून. ती आदेशची होती. नवी कोरी. तुम्ही म्हणालात, हिचा गंधार माझ्याशी मिळव. मी म्हटलं, बुवा, नवीचा बरोबर हाय, तुमची उतरलीय. तुम्ही काय बोललात, आठवतंय?"

"नाय."

"म्हणालात, इकबाल, तू नऊ वर्षं एसीची घरघर ऐकून आलायस, तुझ्या कानात अजून पंखा फिरतोय. खोलीत वीसेक पोरं होती. सगळी हसली. मी पण हसलो."

"मग दुसऱ्यांदा बोलायचं होतंस."

"अब्बा सांगून गेलेत, गवयाशी सुरावरनं हुज्जत घालायची नाय. तो गवय, आपण सुतार. तुम्ही अब्बांचे दोस्त. मी म्हटलं, असंल त्यांच्या घराण्यात तसं."

"किती पेट्या केल्यास?"

"चाळीसेक."

बुवा टेबलाला धरून उभे राहिले. "कारखान्यात साच्याला चीर गेली तर पहिल्या मूर्तीलाच दिसते. पोरगा पण ओरडून सांगतो. आम्ही साचा फोडून टाकतो. तू चाळीस होऊ दिल्यास."

"व्हय," इकबाल म्हणाला. "पण साचा कुणाचा होता, बुवा?"

तेवढ्यात मुरूडच्या एक बाई पेटी घेऊन आल्या, आणि इकबालला त्यांच्याशी बोलावं लागलं.

दुपारी प्रणिता मॅडमनी सुरभीला एका रिकाम्या वर्गात नेलं. पाचवीचा वर्ग, लहान बाक, फळ्यावर अपूर्णांक. बुवा बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले. आतून तंबोरा, आणि त्यावर सुरभीचा गंधार. खाली. खाली. थोडा वर. मग एकदा तो लागला. मॅडमचा "हां" बाहेर ऐकू आला. बुवांना तो चढलेला वाटला. मग मॅडमनी तिला सा-रे-ग-म-प चालत्या लयीत म्हणायला लावलं, आणि गंधार पुन्हा जुन्या जागी जाऊन बसला, गाय संध्याकाळी आपल्या गोठ्यात जाते तसा.

"लक्ष दिलं की लागतोय," सुरभी म्हणाली.

"हो. आणि गाताना त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतंय म्हणजे तो तुमचा नाही. एक वर्ष लागेल. रोज तंबोऱ्यासमोर. पेटी नाही."

"वर्षभर."

"कदाचित जास्त. आणि खरं सांगू? ती पेटी जिथे वाजते त्या घरात राहून होणार नाही. कान रोज परत तिथेच जाईल."

"आमच्याकडे रोज पाचला वर्ग असतो."

मॅडमनी मोबाइलमधला तंबोरा बंद केला.

"आणि उद्या?" सुरभीनं विचारलं.

"उद्या काय गाणार होतात?"

"बिलावल. तीन महिने बसवलाय."

"नको. सारंग येतो? वृंदावनी? त्यात गांधार नाही, धैवत नाही. तुमची वेळही दुपारी बाराची आहे, शोभेल."

"येतो. दुसऱ्या परीक्षेला होता."

"मग तो गा. तुमचे बाकीचे स्वर फार सुंदर आहेत. ते सुंदर आहेत म्हणूनच हा एक इतका बोचतो."

सुरभी बाहेर आली तेव्हा पहिल्यांदाच दिवसभरात थोडी हसली. बुवांनी सगळं ऐकलं होतंच.

परतीच्या गाडीत भांडण झालं, पण हळू आवाजात, कारण समोर नागोठण्याची दोन माणसं बसली होती.

"गंधार टाळून गायचं, म्हणजे पाय मोडलाय म्हणून बसून नाचायचं."

"सारंगात गंधार नसतोच, बाबा. मी काय टाळत नाहीये, तो रागच तसा आहे."

"बिलावल गंधाराशिवाय उभा राहत नाय."

"म्हणूनच मी तो गात नाहीये."

"लोक काय म्हणतील? काल चुकली, आज पळाली."

"लोक म्हणतील, बरी गायली. मला तेवढंच हवंय. मला ती जागा हवीय. तुम्हाला नकोय का?"

बुवा खिडकीबाहेर बघू लागले. कासू आलं, गेलं. मग एकदम म्हणाले, "पेटी राहिली."

"इकबालकाकांकडे आहे. मी त्यांना सांगून आले."

त्या पेटीशिवाय बुवांचं घर सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच रिकामं होतं. विमलबाईंनी पुढच्या खोलीत दिवा लावला, कोपऱ्याकडे बघितलं. सकाळी फक्त म्हणाल्या, "दाढी नाय केलीत ती?"

रविवारी पेणच्या अकरातले सातच आले. आदेश आला नाही.

सुरभी बाराला बसली. मागे सभागृहातली पेटी, मोबाइलमधला तंबोरा, तबल्याला अलिबागचे एक सर. तिनं सारंग धरला आणि रिषभावर थांबली. अगदी नुसती थांबली, आणि सभागृहातली बारीक कुजबुज बंद पडली. मध्यमाकडे गेली, तिथून परत रिषभावर. पुढच्या रांगेत रोह्याच्या त्या शाळेच्या मुख्याध्यापिका अनिता मॅडम होत्या. त्यांनी वहीवरचं पेन मिटलं. बंदिश झाली, ताना झाल्या, तिहाई नेमकी समेवर आली. टाळ्या मनापासूनच्या होत्या. प्रणिता मॅडमही वाजवत होत्या. बुवा तिसऱ्या रांगेत होते, त्यांनी नाक पुसलं.

अनिता मॅडम स्वतः उठून मंचाजवळ आल्या. "फार छान. खरंच. आता फक्त पाच मिनिटं द्या. आमची पाचवीची मुलं बोलावलीत. यांना काहीच येत नाही. त्यांना पहिला धडा द्या. शिकवता कशा ते बघायचंय."

"पहिला धडा," सुरभी म्हणाली.

"हो, सरगम. साधी. सारेगमप."

राग बदलता येतो. पण सरगमेत तिसरा स्वर कुणाला सोडता आलाय? सुरभीनं प्रणिता मॅडमकडे बघितलं. प्रणिता मॅडम मांडीवरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

आठ मुलं सतरंजीवर बसली. सुरभीनं पेटी पुढे घेतली, त्यांना नावं विचारली, पाठ ताठ करायला लावली, एकाला हसवलं. सगळं छान चाललं होतं. सा म्हटला, मुलांनी म्हटला. रे. आणि मग तिनं पट्टी दाबली नि गळा सोडला, तसे दोन गंधार एकदम निघाले. एक पेटीतून, एक तिच्यातून. मुलं गोंधळली. अर्धी इकडे, अर्धी तिकडे. तिनं पुन्हा घेतला, लक्ष देऊन, आणि लागला. पण पुढे म, प म्हणून सा-रे-ग वर परत आली तोवर तो खाली. तिसऱ्या वेळी तिनं गळा बंदच केला आणि नुसती पेटी वाजवत हातानं खूण केली: म्हणा.

"आवाज द्या ना, मॅडम," अनिता मॅडम मागून म्हणाल्या. "मुलांना आवाज हवा."

तिनं दिला.

पहिल्या ओळीतल्या एका मुलीनं हात वर केला. "टीचर, तिसरा कुठला म्हणायचा? पेटीतला की तुमचा?"

कुणी हसलं नाही. आदल्या दिवशी हसलेले सगळे तिथेच बसले होते, पण नाही हसले.

"पेटीतला," सुरभी म्हणाली. तिनं मुलांकडून तो म्हणून घेतला, त्यांना बरोबर आला, तिनं त्यांना शाबासकी दिली आणि ती उठली.

अनिता मॅडमनी तिला खाली बाजूला घेतलं. "तुम्ही गाता सुंदर. मैफलीत मी तुम्हाला कधीही ऐकेन. पण आम्हाला पाचवीपासून शिकवायला माणूस हवाय. तुम्ही समजू शकता."

"हो."

"आणि ते विशारद पण पूर्ण करा."

"हो, मॅडम."

बुवा दोन पावलांवर उभे होते. त्यांना पुढे होऊन बोलायचं होतं: चूक माझी, पोरीची नाही. पण त्यांच्या कानाला अजून चूक ऐकूच येत नव्हती. मुलीनं हात वर केला तेव्हाही त्यांना क्षणभर वाटलं होतं, हुशार पोर आहे, तिला कळलं की ही पेटी चढी आहे.

साडेतीनला ती दोघं अष्टमीत इकबालच्या दुकानात गेले. चपला पायरीवर काढल्या. पेटी गोधडीसकट टेबलावर होती.

"उघड," बुवा म्हणाले.

"बुवा, रघूबुवांचा शब्द—"

"उघड म्हटलं ना."

इकबालनं स्क्रू काढले. आतून जुन्या लाकडाचा वास आला. गंधाराची रीड त्यानं बाहेर काढून उजेडात धरली, मुळाशी हिरवी झालेली होती. टोकावर तो कानस फिरवू लागला, दोनदा, तीनदा, परत बसवायचा, वाजवायचा, मोबाइलवरचा सूर मोजणारा काटा बघायचा, परत काढायचा. अर्धा तास गेला. सुरभी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. सकाळपासून तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं.

"झाला," इकबाल म्हणाला. "वाजवा."

बुवांनी भाता ओढला. सा. रे. ग. थांबले.

"चढलाय."

"नाय, बुवा. हा बघा काटा. मधोमध हाय."

"काट्याला काय कळतं? थोडा खाली घे."

"नाय घेणार." इकबालनं कानस खणात टाकली. "चाळीस वेळा घेतला. आता नाय."

बुवांनी पट्टी दाबून धरली आणि डोळे मिटून स्वतः गंधार म्हटला. त्यांचा आवाज या वयातही भरीव होता. तो नेहमीच्या जागी गेला आणि पेटीचा सूर त्याच्या शेजारी घासू लागला, ती कालचीच घरघर. या वेळी ती त्यांना ऐकू आली. ते थोडे वर सरकले, घरघर वाढली. खाली आले, तशीच राहिली. पुन्हा वर, आणखी वर, गळा ताणून. एका क्षणी दोन्ही सूर मिळाले, घरघर गेली, आणि बुवांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जसं चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यावर येतं. त्यांनी आवाज सोडून दिला.

"उद्या पाचला पोरं येतील," ते म्हणाले. "चौदा हायेत. दोघांची परीक्षा हाय एप्रिलात."

इकबाल गोधडीची घडी करत राहिला.

"मला आता हा खोटा लागतो आणि तो पण खोटा लागतो. माझं झालं. माझ्या कानाचं मी काय धरत नाय." त्यांनी दाराकडे बघितलं. "सुरभे, तू लहान हायस. तुझा कान अजून वळंल. ही पेटी आता बरोबर झालीय, आपण दोघं रोज सकाळी बसू, पोरं यायच्या आधी. तू मला सांगायचं, मी चुकलो की. वर्षभर. मग परत जागा निघंल कुठंतरी. निघते. बसशील ना माझ्याबरोबर?"

सुरभीनं ओढणी नीट केली, पर्स उचलली, पायरीवर खाली वाकून चपलांचे पट्टे लावले, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागली. या वेळी दोन घरं गेल्यावरही पेटी धरायला ती मागे आली नाही.